मालिकेतली नायिका कुठे काय करते?

मालिकेत काम करणाऱ्या अभिनेत्रीची मुलाखत घ्यायला फारशी तयारी लागत नाही. तीन प्रश्न पुरतात. ‘तू खऱ्या आयुष्यातही अशीच आहेस का?’, ‘सेटवर सगळ्यात जास्त मस्ती कोण करतं?’ आणि ‘चाहत्यांचा एखादा किस्सा सांग ना!’ उत्तरंही ठरलेली असतात. थोडीशी आहे, थोडीशी नाही. आम्ही सेटवर एक कुटुंबच आहोत. एक आजी भेटल्या, हात धरून म्हणाल्या, ‘बाळा, किती सोसशील गं!’

मी अशा मुलाखती भरपूर बघते. यूट्यूबवर एक संपली की दुसरी आपोआप सुरूच होते. साडी कुठून घेतली, डब्यात काय आणलं, कोणाचं कोणाशी पटतं, सगळं कळतं. एकच गोष्ट कळत नाही, ती म्हणजे ही बाई काम कसं करते. नाटकातल्या नटाला आपण विचारतो, ही भूमिका तुम्ही कशी बसवलीत? सिनेमातल्या नटानं भूमिकेसाठी वजन वाढवलं तर त्यावर लेख येतात. मालिकेतली अभिनेत्री मात्र वर्षानुवर्षं रोज एकाच बाईत परकायाप्रवेश करते आणि आपण तिला सेटवरच्या गमतीजमती विचारतो.

समीक्षेचंही तेच. सिनेमा शुक्रवारी लागतो, शनिवारी त्याला किती स्टार मिळाले ते कळतं. नाटकाचं परीक्षण उशिरा का होईना, येतं. मालिकेच्या वाट्याला मीम्स येतात. एकच थोबाडीत तीनदा, तीन कोनांतून, मग घरातल्या प्रत्येकाचा चेहरा आणि प्रत्येक चेहऱ्यावर ढॅण्ण. त्या मीम्सना मीही हसते, आणि हसावं असंच त्यात असतं. पण ती थट्टा लेखनाची, संकलनाची, पार्श्वसंगीताची असते. या सगळ्याच्या मधोमध उभी राहून जी बाई प्रसंग तोलून धरते, तिचं काम थट्टेतही येत नाही आणि कौतुकातही.

हे काम दिसत का नाही, हे बघायला मी एकच मालिका घेते. कारण तिच्या नावातच हा प्रश्न आहे.

नावातला टोमणा

‘आई कुठे काय करते’ ही मालिका स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संपली. मूळ मालिका बंगाली, ‘श्रीमोयी’. तिथे ही भूमिका इंद्राणी हलदार यांनी केली. हिंदीत हीच गृहिणी २०२० पासून ‘अनुपमा’ झाली, रूपाली गांगुली यांच्या रूपात. मराठीत ती अरुंधती देशमुख. मधुराणी प्रभुलकर यांची अरुंधती.

नाव फार हुशारीनं ठेवलेलं आहे. ‘आई काय करते?’ हा साधा प्रश्न. त्यात ‘कुठे’ घातलं की प्रश्न संपतो आणि उत्तर सुरू होतं: काही करत नाही. सकाळी साडेपाचला उठून रात्री ओटा पुसून झोपणाऱ्या बाईबद्दल मराठी घराघरांत किती सहज बोललं जाणारं हे वाक्य! योगायोग असा की ज्या वर्षी ही मालिका सुरू झाली, त्याच वर्षी, २०१९ मध्ये, भारत सरकारची वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात, असं त्यात दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची सरासरी ९७ मिनिटं. मुळात असं काम करणारे पुरुषच शंभरात सव्वीस. बायका एक्क्याऐंशी.

म्हणजे मालिकेचा विषय न मोजलेलं काम हा होता. आणि मला सतत जाणवत राहिलं ते असं की, ते न मोजलेलं काम पडद्यावर आणणाऱ्या बाईचं कामही कोणी मोजत नव्हतं. अरुंधतीला घरचे जे म्हणत होते, तेच आपण मधुराणींना म्हणत होतो. त्यात काय मोठंसं, मालिकाच तर आहे.

थोडा हिशोब

जाहिराती वगळल्या तर अर्ध्या तासाच्या मालिकेत वीसेक मिनिटांची गोष्ट असते. पाच वर्षांत या मालिकेचे हजाराहून कितीतरी जास्त भाग झाले. सोयीसाठी हजारच धरू. वीस हजार मिनिटं, म्हणजे ३३३ तास. अडीच तासांचा एक सिनेमा धरला तर एकशे तेहतीस सिनेमे झाले. अरुंधती प्रत्येक दृश्यात नसणार. निम्मंच धरलं तरी साठ-पासष्ट सिनेमे, पाच वर्षांत, एकाच भूमिकेत. आणि या साठ-पासष्टांना एकही परीक्षण नाही.

आता हे तास तयार कसे होतात ते बघा. रोजचा भाग रोज लागतो, त्यामुळे रोजच्या रोज एक भाग तरी पदरात पडावा लागतो. शिफ्ट बारा तासांची, पुष्कळदा तेरा. मेकअप आणि केस त्याच्या आत-बाहेर. कथा आधी ठरलेली असते, पण सीन अनेकदा त्याच दिवशी हातात येतो. तोही क्रमानं नाही. दिवाणखान्याचं लायटिंग झालंय ना, मग दिवाणखान्यातले सगळे सीन आधी. म्हणजे सकाळी नवऱ्याशी भांडण, दुपारी त्या भांडणाच्या आधीचा हसरा नाश्ता, संध्याकाळी चार दिवसांनंतरचा अबोला. कोणत्या क्षणी आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, हा सगळा हिशोब नटीनं स्वतःच्या डोक्यात ठेवायचा. नाटकात हा हिशोब महिनाभराच्या तालमीत बसतो. इथे चहाच्या ब्रेकमध्ये बसतो.

मग टीआरपी. दर आठवड्याला आकडे येतात आणि आकडे गोष्ट वळवतात. आकडा पडला की ट्रॅक बदलतो. ज्या बाईला तुम्ही सहा महिने सोशीक म्हणून घडवलंत, ती पुढच्या सोमवारी प्रोमोमध्ये सगळ्यांना खडे बोल सुनावत असते. कादंबरीकार असं करेल तर आपण त्याला सोडणार नाही. मालिकेत हा सांधा बुजवायचं काम लेखकाहून जास्त नटीकडे येतं. तिनं चेहऱ्यावर असं काही आणायचं की प्रेक्षकाला वाटावं, हे हिच्यात आधीपासूनच होतं.

पैशाचं गणितही या कामाचाच भाग आहे. मानधन बहुधा दिवसावर ठरतं आणि ते नव्वद दिवसांनी देण्याची पद्धत या धंद्यात रुळलेली आहे. आषाढात रडलेल्या रडण्याचे पैसे कोजागिरीला.

अरुंधतीचं वाक्य

या घाण्यात अभिनय नावाची गोष्ट शिल्लक राहते का? मला वाटतं, राहते. ती कुठे राहते हे ओळखायला मात्र नजर वेगळी लागते.

मधुराणी ‘कवितेचं पान’ या उपक्रमातून कविता सादर करतात. ते व्हिडिओ बघा. आवाज स्वच्छ, शब्दाच्या शेवटापर्यंत पोचणारा, कुठे थांबायचं याची पक्की जाण असलेला. आता सुरुवातीच्या महिन्यांतली अरुंधती ऐका. तिचं वाक्य सुरू होतं, पण संपत नाही. शेवटचे दोन शब्द ती गिळते. ‘अहो, मी काय म्हणते...’ आणि समोरचा काय म्हणतोय ते बघून उरलेलं वाक्य मागे घेते. पंचवीस वर्षांच्या संसारात ज्या बाईचं एकही वाक्य कोणी शेवटपर्यंत ऐकलेलं नाही, ती वाक्य पूर्ण करायची सवयच सोडून देते. हे संवादात लिहिता येत नाही, ते आवाजातच करावं लागतं. ज्या बाईला कवितेची ओळ शेवटपर्यंत नेता येते, तिनं वाक्य अर्ध्यात टाकणं ही निवड आहे. ‘तू खऱ्या आयुष्यात अशीच आहेस का’ या प्रश्नाचं खरं उत्तर तिथे आहे.

दुसरी गोष्ट हातांची. या अरुंधतीचे हात रिकामे नसतात. कपड्यांच्या घड्या, भाजी, देवासमोरची वात. मालिकेत ही कामं बऱ्याचदा नुसती सजावट असतात. नायिका कोथिंबीर निवडत असते, पण कोथिंबिरीकडे बघतही नाही. इथे हात बोलण्याच्या आधी थांबतात. नवऱ्याचं त्याच्या ऑफिसमधल्या संजनाशी नातं आहे हे कळल्यानंतरच्या काळात मला मोठ्या रडण्याच्या सीनपेक्षा जास्त खऱ्या वाटल्या त्या घरकामाच्या जागा. आभाळ कोसळलं तरी सासूबाईंचा चहा चुकत नाही, आणि तो चहा देताना हात पूर्वीसारखे चालत नाहीत. घटस्फोटापर्यंत पोचताना आवाज हळूहळू वाक्याच्या शेवटाला भिडायला लागतो. हा प्रवास शेकडो भागांत पसरलेला आहे, म्हणून एका क्लिपमध्ये दिसत नाही. रीलवर दिसतो तो फक्त अनिरुद्धला सुनावतानाचा मिनिटभर. तो मिनिट टाळ्यांचा आहे खरा, पण त्याच्या आधीच्या कित्येक महिन्यांच्या गिळलेल्या शब्दांशिवाय त्याला वजन नाही.

मालिकेतला अभिनय मोजायचं माप म्हणूनच वेगळं हवं. सिनेमात आपण शिखरं बघतो. मालिकेत पायवाट बघावी लागते.

घर सोडता न येणारी बाई

याचा अर्थ मालिका थोर होती असा नाही. तिची मोठी अडचण तिच्या आशयाला थेट छेद देणारी होती. अरुंधतीनं घटस्फोट घेतला, गाणं पुन्हा धरलं, पायावर उभी राहिली, पुढे आशुतोषशी लग्नही केलं. मराठी मालिकेतल्या मध्यमवयीन आईचं दुसरं लग्न, तेही तिच्या मोठ्या झालेल्या मुलांदेखत. ही छोटी गोष्ट नव्हती. पण ‘समृद्धी’ बंगल्यानं तिला सोडलं नाही. मुलाचं काही बिनसलं की अरुंधती. सुनेचं काही झालं की अरुंधती. पुढे आशुतोषचा मृत्यू दाखवला गेला आणि ती पुन्हा त्याच भिंतींमध्ये आली.

माझ्या मते याचं एक कारण विचारात नाही, बांधकामात आहे. मालिकेचा सेट म्हणजे तिचं भांडवल. दिवाणखाना, स्वयंपाकघर, जिना, अंगण एकदा उभं राहिलं की गोष्टीला तिथेच राहावं लागतं. सगळी पात्रं तिथे, लायटिंग तिथलं बसलेलं. नायिका खरोखरच घर सोडून गेली तर मालिकाच बेघर होते. म्हणून कौटुंबिक मालिकेत बंडाला उंबरठ्यापर्यंतच परवानगी असते. शेवटच्या वर्षी मालिका संध्याकाळी साडेसातवरून दुपारी अडीचला गेली, हेही मला बोलकं वाटतं. सगळं घर एकत्र बसतं त्या वेळेतून, जेवणाची भांडी आवरून आई एकटीच बसते त्या वेळेत.

आणि तरीही, त्याच घरात पन्नासाव्यांदा परत येताना ‘ही बाई आता पाहुणी आहे’ हे चालण्यातून दाखवायचं काम मधुराणींना करायचं होतं. गोष्ट मागे जात असताना पात्राला मागे जाऊ न देणं. माझ्या लेखी ही त्या पाच वर्षांतली सगळ्यात अवघड कामगिरी. तिला कुठल्याही पुरस्कारसोहळ्यात विभाग नाही. तिथे ‘सर्वोत्कृष्ट आई’ असतो, ‘सर्वोत्कृष्ट सून’ असतो. बक्षीस नात्याला मिळतं आणि ते घ्यायला नटी जाते.

चेहरा बदलतो तेव्हा

याच मालिकेत संजना सुरुवातीला दीपाली पानसरे यांनी केली आणि २०२० नंतर रूपाली भोसले यांनी. ‘माझ्या नवऱ्याची बायको’मध्ये रसिका सुनीलची शनाया मध्येच ईशा केसकरनं केली आणि पुढे रसिका परतली. प्रेक्षक आठवडाभर कुरकुरतात, मग सवय होते. वाहिनीच्या दृष्टीनं यातून सिद्ध होतं की पात्र महत्त्वाचं, नटी नाही.

मला मात्र यातून उलटंच दिसतं. रूपाली भोसलेंच्या संजनाकडे नीट बघा. संवादांचा बाज तोच, घर तेच, कारस्थानं तीच. पण या संजनाला आपण जिंकूनही हरलोय हे आधीच कळलेलं आहे. हवं ते घर मिळाल्यावर त्या घरातली अरुंधतीची कामं आपल्या गळ्यात पडणार, ही चिडचिड तिच्या भुवयांमध्ये आहे. त्यामुळे ती खलनायिका कमी आणि दुसरी गृहिणी जास्त होत गेली. पात्र कागदावर तसंच होतं. बदललं ते नटीच्या कामामुळे. वाहिनीला नसेल लागत, पण समीक्षकानं याची नोंद ठेवायला काय हरकत आहे?

आधीच्या दोघी

ही नोंद न ठेवायची सवय जुनी आहे. १९८५ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘रजनी’ आली. गॅस सिलिंडरपासून टॅक्सीपर्यंत रोजच्या फसवणुकीशी भांडणारी गृहिणी. प्रिया तेंडुलकर त्या भूमिकेनं देशभर घराघरांत पोचल्या. लोक रस्त्यात त्यांना थांबवून आपल्या तक्रारी सांगत. हे कौतुक म्हणून आजही सांगितलं जातं. पण दुसऱ्या बाजूनं बघा. प्रिया तेंडुलकर श्याम बेनेगलांच्या ‘अंकुर’मध्ये होत्या, मराठीत कथा लिहीत होत्या, ‘पंचतारांकित’सारखं आत्मपर लेखन त्यांनी केलं. २००२ साली वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी त्या गेल्या. आज त्यांचं नाव घेतलं की पहिलं काय आठवतं? रजनी. आपल्या कामाबद्दल स्वतः लिहू शकणारी नटी आपल्याकडे होती आणि आपण तिच्याकडे गॅसच्या तक्रारी घेऊन गेलो.

रोहिणी हट्टंगडींचं उदाहरण आणखी टोचणारं. राष्ट्रीय नाट्य विद्यालयातलं शिक्षण, ‘गांधी’मधल्या कस्तुरबा, त्यासाठी बाफ्टा. २००१ पासून त्यांनी ‘चार दिवस सासूचे’मध्ये आशालता देशमुख केली. मालिका २०१३ पर्यंत चालली, भाग तीन हजारांच्या वर गेले. कस्तुरबांवर लिहिलेलं भरपूर सापडतं. आशालतांवर विनोद सापडतात, त्यातले बरेचसे मालिकेच्या लांबीवर. एका कसलेल्या अभिनेत्रीनं दहा-अकरा वर्षं एकच सासू करताना काय केलं, काय टाळलं, कुठे स्वतःला यंत्र होऊ दिलं आणि कुठे नाही? मराठी अभिनयाच्या इतिहासातला हा केवढा मोठा प्रयोग होता, आणि आपण त्याकडे नुसता चेष्टेचा विषय म्हणून बघितलं.

काम थांबलं तेव्हा

मालिकेतलं काम हे काम आहे, हे सगळ्यांना एकदाच लख्ख दिसलं. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा. आधीच भरून ठेवलेले भाग संपले आणि वाहिन्या जुने भाग दाखवू लागल्या. जूनच्या अखेरीस सेट पुन्हा सुरू झाले. सप्टेंबरमध्ये साताऱ्याकडे एका मालिकेचं चित्रीकरण चालू असताना आशालता वाबगावकर यांना करोनाची लागण झाली आणि २२ सप्टेंबरला त्या गेल्या. वय ७९. गोव्यातून आलेली, ‘मत्स्यगंधा’तल्या सत्यवतीनं संगीत रंगभूमी गाजवलेली ही अभिनेत्री शेवटपर्यंत कॅमेऱ्यासमोर उभी होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली तेव्हा अनेक युनिट्स गोव्याला, सिल्व्हासाला, दमणला गेली. मे महिन्यात गोव्यानंही परवानग्या काढून घेतल्या, मग तिथूनही मुक्काम हलवला.

आपण घरात बसून म्हणत होतो, ‘बरं झालं, मालिका तरी सुरू आहेत.’ त्या सुरू राहाव्यात म्हणून कोणीतरी घर सोडून हॉटेलच्या खोलीत राहत होतं आणि दिवसभर कोणाचीतरी आई होत होतं.

त्या आठवणीनंतर मला त्या तीन प्रश्नांच्या मुलाखती निरागस वाटत नाहीत. सेट म्हणजे कुटुंब, हे वाक्य मला आता खटकतं. कुटुंबात कामाचे तास मोजत नाहीत, पैसे मागत नाहीत, आजारपण काढून उभं राहतात. अरुंधतीला याच कुटुंबाच्या नावाखाली पंचवीस वर्षं राबवून घेतलं होतं.

म्हणून पुढच्या वेळी कोणी एखाद्या अरुंधतीसमोर माईक धरणार असेल, तर माझे चार प्रश्न विचारा. आजचा सीन हातात किती वाजता आला? रडण्याआधीचा सीन रडून झाल्यावर कसा केलात? अशी एखादी जागा सांगा, जी लिहिलेली नव्हती आणि तुम्ही केलीत. आणि तीन महिन्यांपूर्वीचे पैसे आले का?